नाव जिनचे, गोडी सरबताची

2017 साली ब्रिटनमध्ये गॉर्डन्सची गुलाबी जिन आली, स्ट्रॉबेरी-रासबेरीच्या स्वादाची. मग अशा बाटल्यांचा फळबाजारच भरला. जिनमध्ये फळ घालणे नवे नाही. ‘स्लो’ ही तुरट रानफळे साखरेसह जिनमध्ये मुरवण्याची तिथली रीत जुनीच. माझी हरकत नावाला आहे. जिन म्हणजे जुनिपरची, आपल्या वैद्यांच्या हपुषेची दारू. तिचाच स्वाद वरचढ हवा, असे कायदाही सांगतो. गोडीने नेमका तोच राळेसारखा कडसर वास बुजतो. बँकेत आम्ही गोदामावरची पाटी वाचून कर्ज देत नसू, पोते उघडून पाहत असू. इथे पोत्यात सरबताची चव आणि अल्कोहोल मात्र 37.5 टक्के. साध्या जिनच्या पहिल्याच घोटाला नवख्या पोराचे तोंड वाकडे होई, आणि बरेचसे तिथेच पेला खाली ठेवीत.