राग ही पायरी नव्हे



९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती, १० गेली. शासनानं प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपये जाहीर केले, चौकशी झाली, काही जण निलंबित झाले. आयांच्या दुःखाचं काय, हा प्रश्न मात्र कुठल्याच फाइलीत बसत नव्हता.

आपल्याकडे तान्हं बाळ गेलं की बहुतेक घरांत पुरतात. दहावा नाही, तेरावी नाही. बारसं झालेलं नसतं, मग नाव घेऊन रडायचं तरी कसं? बाईला दूध येत राहतं आणि घरचे म्हणतात, "लहान आहेस, दुसरं होईल." समाज ज्या दुःखाला दुःखच मानत नाही, त्याला केनेथ डोका यांनी १९८९ साली नाव दिलं. मी त्याला हक्क नाकारलेला शोक म्हणते. मानसशास्त्राचं हे देणं मला मोलाचं वाटतं.

पण आमच्या प्रशिक्षणांत येतो तो पाच पायऱ्यांचा तक्ता. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली तो मांडला, तो स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून; मूल गमावलेल्या आयांना विचारून नव्हे. (तक्त्यावर हे कधी छापलेलं नसतं!) आग लागली तेव्हा बाळांपाशी कोण होतं, असं विचारणारी बाई काय रागाच्या पायरीवर अडकलेली? मरणाचा स्वीकार कदाचित करता येईल. हलगर्जीपणाचा का करायचा?

२०२२ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमपुस्तिकेत लांबलेला शोक हा आजार म्हणून दाखल झाला. प्रौढांसाठी मुदत १२ महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती ६ महिने आहे. त्या त्या समाजाची रीत लक्षात घ्या, असं दोन्हीकडे म्हटलेलं आहे, आणि जिचं खाणं-झोपणं, जगणंच थांबलंय तिला उपचार मिळायलाच हवेत. माझा आक्षेप वेगळा आहे. आईच्या रडण्याला मुदत आहे, चौकशीला आणि खटल्याला नाही. दोष कुणाचा हे तिला कळलेलंच नसेल, तर महिने कुठल्या दिवसापासून मोजायचे?

आशाताई बाळासाठी ४२ दिवसांपर्यंत गृहभेटी देतात. बाळ गेलं तरी त्या भेटी आईसाठी चालू राहाव्यात आणि त्याचा मोबदला आशाताईंना मिळावा, ही मागणी आपण आपापल्या तालुक्यात लेखी द्यायला हवी. आणि भेटीला जाल तेव्हा तक्ता घरीच ठेवा. बाळाचं नाव काय ठेवणार होतीस, ते विचारा.