शिकवलेल्या तासांचा हिशेब

वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याला रोगाची माहिती महाविद्यालयात मिळते. रुग्ण तपासायला तो शिकतो एखाद्या चालू दवाखान्यात. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात गावोगावचे डॉक्टर हे काम वर्षानुवर्षे विनामोबदला करत आले आहेत. विद्यार्थी आत जाऊन रुग्णाची हकीगत विचारतो, बाहेर येऊन सांगतो. मग डॉक्टर पुन्हा आत जातात, पोट स्वतः तपासतात, आणि विद्यार्थ्याचा हात नेमका ठेवून यकृताची कड बोटांना कशी लागते ते दाखवतात. तोवर बाहेर रुग्ण खोळंबलेले असतात. त्यातच कॅरिबियन बेटांवरची खासगी महाविद्यालये अमेरिकेत पैसे मोजून अशा दवाखान्यांतल्या शिकण्याच्या जागा मिळवू लागली. राज्यातल्या विद्यार्थ्यांनी जायचे कुठे?

म्हणून २०१४ साली जॉर्जियाने या शिकवणाऱ्या डॉक्टरांना करसवलत दिली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. विद्यार्थ्याच्या दवाखान्यातल्या १६० तासांच्या एका प्रशिक्षण-फेरीमागे, म्हणजे रोटेशनमागे, करपात्र उत्पन्नातून १,००० डॉलरची वजावट! पण राज्याच्या प्राप्तिकराचा वरचा दर होता ६ टक्के. म्हणजे चार आठवडे शिकवल्याबद्दल वाचणार जेमतेम ६० डॉलर. ही थट्टाच होती. २०१९च्या कायद्याने ती थांबवली आणि थेट भरायच्या करातच सूट दिली. डॉक्टरांना वर्षातल्या पहिल्या तीन रोटेशनना प्रत्येकी ५०० डॉलर, पुढच्या सातांना प्रत्येकी १,०००. डॉक्टरांप्रमाणेच रुग्ण तपासणारे नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांनाही त्यात प्रथमच स्थान मिळाले, पण दर ३७५ आणि ७५०.

हा भेद आम्हाला मान्य नाही. तास तेच १६०, खोळंबा तोच, जबाबदारीही तीच. त्यांची कमाई कमी म्हणून सूटही कमी, असे म्हणणे टिकत नाही, कारण ही सूट कमाईवर नाही, शिकवण्यावर आहे. केवळ पैशासाठी कोणी विद्यार्थ्याला शेजारी उभे करत नाही, हे खरेच. पण सरकार एकाच कामाचे दोन भाव लावते तेव्हा कमी भाव मिळालेल्याचा अपमान होतो. हवाई राज्याने २०१८मध्येच डॉक्टर, प्रगत नर्स आणि फार्मासिस्ट या सगळ्यांना एकच दर ठरवला : रोटेशनमागे १,००० डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त ५,०००. जॉर्जियाच्या आमदारांनी निदान या एका बाबतीत हवाईचे अनुकरण करावे.