सालगडी ठरविताना बोली नको, लिखापढी हवी

गुढीपाडवा तोंडावर आला की गावोगावी सालगडी ठरविण्याची धांदल उडते. पारावर नाहीतर चहाच्या टपरीवर बोली होते, उचलीचे पैसे हातावर पडतात, झाले साल पक्के! खानदेशात सालदार म्हणतात, आपल्याकडे सालगडी, पण व्यवहार सगळीकडे तोंडीच. मग ऐन पेरणीत ‘गडी गावाला गेला तो आलाच नाही’ ही रड ठरलेली.

शेतकरी बंधूंनो, गडी पळाला की आपण त्याला बेइमान ठरवून मोकळे होतो. खोदून विचारले तर भांडण बहुधा खाड्यांवरून झालेले असते. मालक म्हणतो चार दिवसांचे पैसे कापणार, गडी म्हणतो आजारी होतो, असे ठरलेच नव्हते. पोळ्याची सुट्टी, घरचे लग्न, दवाखाना हे कशात धरायचे, ते पाडव्याला कोणी बोललेलेच नसते. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला कोण जाणार? गड्याची बायको गोठा झाडणार असेल तर तिला वेगळा रोज की नाही? (बहुतेक ठिकाणी तिला फुकटातच धरतात, हे आपल्याला ठाऊक आहे.)

हे सगळे वहीच्या एका पानावर मावते. रोख किती, ज्वारी-गहू किती, उचल किती, ती दरमहा किती वळती करायची आणि खाड्याला किती कापायचे, ते लिहा. दोन साक्षीदार घ्या. गड्याला वाचता येत नसेल तर त्याच्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या आणि एक प्रत त्याला द्या. पैसे शक्यतो बँकेतून द्या. शासनाने ठरविलेले किमान वेतन शेतमजुरालाही लागू आहे, तेव्हा बारा महिन्यांचा हिशेब त्याच्याशी ताडून पाहा.

मोठी उचल दिली की गडी बांधला गेला, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. शेजाऱ्याने जास्त दिली की तो तिकडे जातो. तुम्ही उचलीपोटी त्याला अडवून राबविले, तर ती 1976 च्या कायद्याने वेठबिगारी ठरते. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि कर्जही बुडते. गड्याबरोबर त्याचे चौदा वर्षांखालील पोरगे गुरांमागे लावू नका. त्यालाही कैद वा दंड आहे.

फवारणीचे काय? 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे, मास्क कोण आणून देणार, तेही त्याच पानावर येऊ द्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना खातेदार आणि त्याच्या घरच्या माणसासाठी आहे. भूमिहीन गडी तिच्यात बसत नाही. त्याच्यासाठी पंतप्रधान सुरक्षा विमा आहे. हप्ता वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. वीस रुपये मालकाने भरले तर काय बिघडते?

सरपंच, पोलीस पाटील मंडळींनी पाडव्याआधी चावडीवर कराराचा एक नमुना लावला तरी पुष्कळ तंटे वाचतील. विम्याचे वर्ष 1 जूनला सुरू होते. गड्याचे बँक खाते नसेल तर पाडव्यापासून तोवर ते काढून होते.