मल्लखांबाचे आद्य गुरू

काशीस गेलेला मराठी यात्रेकरू गंगास्नान आणि विश्वेश्वराचे दर्शन आटोपून परततो. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घराण्यांकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. वाचकहो, बाळंभटदादा देवधर हे काशीतील या मराठी वस्तीच्या इतिहासातले एक नाव.

दादा हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरचे व्यायामगुरू. त्यांच्या तरुणपणाची एक कथा सांगतात. निजामाच्या मुलुखातून अली व गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी दरबारात आव्हान दिले. कोणी पुढे येईना. तेव्हा अठरा वर्षांच्या बाळंभटांनी विडा उचलला, मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीचे ठाणे गाठले. तेथे माकडांच्या चपळ हालचाली पाहून त्यांना खांबावरील पकडी सुचल्या. परत येऊन त्यांनी अलीस चीत केले. गुलाब आखाड्यात उतरलाच नाही.

कथेत भाविकतेचा अंश असेलही. खांबावरचा व्यायाम त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. पण मागे पडलेल्या त्या विद्येला दादांनी पुन्हा उभे केले, हे सर्वमान्य आहे.

या खांबाचे मर्म काय? कुस्तीचा जोडीदार दमतो, प्रसंगी रागावतो. खांबाला दोन्ही ठाऊक नाहीत. सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, वर निमुळता होत जाणारा, शेवटी मान आणि तीवर बोंड, असा तो जणू उभा ठाकलेला मल्लच. त्याला एरंडेल चोळतात. पकड किंचित ढिली पडली की अंग खाली घसरलेच!

सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्तास गेले, आणि राजाश्रयावर जगणाऱ्या गुणीजनांची दाणादाण उडाली. पोथीतली विद्या बासनात बांधून ठेवता येते. ही विद्या मात्र शिष्याच्या हातापायांतच राहते, शिष्य नसेल तर एका पिढीत संपते. दादांनी काशीस आखाडा घातला आणि कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारखे शिष्य तयार केले. अलीवरील विजयापेक्षा परमुलुखातला हा आखाडाच मला मोठा पराक्रम वाटतो.

त्या काळी ही विद्या केवळ पुरुषांपुरती नव्हती. काशीतच जन्मलेल्या झाशीच्या राणी लक्ष्मीबाई पहाटे उठून मल्लखांब करीत, असे वरसईच्या गोडसे भटजींनी आपल्या प्रवासवृत्तांतात नमूद केले आहे.

पुरलेल्या खांबाखेरीज टांगता मल्लखांब आणि वेताचा मल्लखांब हे प्रकारही रूढ झाले. पुढे चांगला वेत मिळेनासा झाला, तेव्हा त्याच्या जागी सुती दोर आला. सन १९८१ मध्ये उज्जैन येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर परदेशी खेळाडूही या खांबावर चढले. नवशिक्याला आरंभी शिकवतात ती मात्र अजूनही साधी अढीच: उलटे व्हावयाचे आणि दोन्ही पायांनी खांब आवळावयाचा.