पोटाचा दर्जा कोण ठरवणार?

आण्याच्या रंगदास स्वामींच्या यात्रेत कढयाच्या कढया आमटी शिजते. आला-गेला भाकरी कुस्करून खातो. तुझा बाप कमावतो किती, असं तिथं कुणी विचारत नाही. पण यात्रा वर्षातनं एकदा, पोराला भूक रोज. आणि बापानं घर टाकलं की त्या रोजच्या भाकरीचा हिशेब जुन्नरच्या कोर्टात जातो. तिथं पहिला सवाल हाच : बाई, नवरा कमावतो किती? पुरावा आहे?

पुरावा! सातबारावाल्याचा पुरावा तलाठ्याकडं. पगारदाराचा पगारपत्रकात. पठारावरनं आळेफाट्याला हमालीला, कुठं खडी फोडायला, कांदा भरायला जाणाऱ्याचा रोज कुठल्या कागदावर चढतो? ज्याच्या घामाची नोंद नाही, त्याच्या पोराच्या भुकेचीही नोंद नाही.

दोस्तहो, कायदा आधी नीट वाचा. १९७३ च्या फौजदारी संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तेच कलम १४४. पोर औरस असो, अनौरस असो, कुठल्याही धर्माचं असो, पोटगीचा हक्क त्याचा आहे. पण किती? इंग्लंडात ठोकताळा आहे : साधारण मिळकतीवर एका पोराला १२ टक्के, दोघांना १६. इथं तसा ठोकताळा नाही. बापाची मिळकत, त्याच्यावरचा भार, पोराची गरज बघून न्यायाधीश आकडा ठरवतो. आई कमावती असेल तर तिची कमाईही धरतात. पण पोराला न्हाऊ घालणं, तापात रात्रभर उशाशी बसणं, याची मजुरी कुठल्या रकान्यात मांडायची?

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात — जो आपल्या बौद्धांनाही लागू आहे — कलम २३ मध्ये रक्कम ठरवताना पहिली बघायची गोष्ट कोणती? पक्षकारांची स्थिती आणि दर्जा! हा शब्द आपल्याला नवा नाही. ह्याच शब्दानं आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं. श्रीमंत बापानं जास्त द्यावं, जरूर द्यावं. पण गरिबाच्या पोराला ह्याच्या खाली नाही, अशी रेघ कुठं आहे? वरची रेघ मात्र होती. मॅजिस्ट्रेटच्या पोटगीवर महिना ५०० रुपयांची मर्यादा १९५५ साली घातली, ती केंद्राच्या कायद्यातनं गेली २००१ साली. वर छत घातलं, खाली जोतं घातलंच नाही.

सुप्रीम कोर्टानं चांगलं सांगितलं नाही असं नाही. १९८८ : तुरुंग भोगला म्हणून पोटगी फिटत नाही. २०२० : दोघांनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. २०२२ : धडधाकट माणसानं अंगमेहनत करून बायकापोरं पोसावीत. निकाल दिल्लीत झाले. पठारावरची बाई यष्टीत बसते, तारीख पडते, रोज बुडतो, ती परत येते. निकाल तिच्याबरोबर यष्टीत चढत नाही.

आता घरचं बोलू. आपल्यातलेच काही मुकादमाला सांगून मजुरी कमी लिहून घेतात. भावकी बसते, ‘मिटवून टाका’ म्हणते; मिटतं काय, तर पोराचं ताट. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, त्यामागं हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतं. त्यांचा फोटो खिशाला लावून पोराची पोटगी बुडवणारा आपला कार्यकर्ता नव्हे. त्याला स्टेजवर चढू देऊ नका.

भाषणं पुरे, कामाला लागा. बाई राहते तिथल्याच कोर्टात अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्यानं बाईला आणि पोराला वकील फुकट मिळतो, तिची मिळकत न बघता. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं तिला घेऊन जा. बापाचं प्रतिज्ञापत्र मागा. तो जिथं राबतो तिथं जाऊन खरा रोज किती ते काढा, चार सोबती साक्षीला उभे करा. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत टाका; वर्ष उलटलं की त्या रकमेचं वॉरंट निघत नाही.

आणि मागणी एकच लावून धरा : बापाकडं कागद नसेल तर निदान सरकारी किमान वेतन त्याची मिळकत धरा, आणि त्यातला पोराचा ठरलेला हिस्सा कायद्यात लिहा. दर्जा बापाचा मोजा, आईचा मोजा. पोराच्या पोटाला दर्जा नसतो.