परक्या सुराची झडती

इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्यांची झडती होते, तशी ती संगीताच्या वेशीवरहि घ्यावी, असें मानणारे गृहस्थ आमच्या सुशिक्षितांत थोडे नाहींत. मुलानें सतार घेतली तर त्यांस कौतुक. आडवी ठेवून पोलादी कांबीनें वाजवावयाची गिटार घेतली कीं 'परकें वाद्य' म्हणून नाक मुरडणें! हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं.

याच गृहस्थांना दशावतारांतील पायपेटी परकी वाटत नाहीं. तिचें मूळ युरोपांत आहे, हें सर्वश्रुत आहे. तिचे स्वर ठोकून पक्के केलेले; मींड तिच्यांतून निघणें अशक्य. अशाच वैगुण्यांवर बोट ठेवून 1940 सालीं नभोवाणीनें पेटीवर बंदी घातली. ती 1971 सालीं शिथिल झाली. उलट, हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्या या गिटारीचा प्राणच मींड! आमच्या विचित्रवीणेवर व दक्षिणेंतील चित्रवीणेवर स्वर असेच तारेवरून घसरत काढतात. मग वाद्यांत परकें तें काय उरलें?

परकी आहे ती तारांची जुळणी. पुस्तकी पाठांतली एक प्रचलित जुळणी जाड तारेपासून प सा प सा ग प अशी, तर दुसरी सा प सा ग प सा अशी. साऱ्या तारा एकदम छेडल्या कीं पाश्चात्त्य स्वरमेळ आयता मिळतो. त्या संगीतास तें योग्यच. परंतु तोडी आरंभतांच मोकळा शुद्ध गंधार कोमल गंधाराच्या मानेवर बसतो. मालकंसांत तर पंचमहि वर्ज्य! दोष लांकडाचा नव्हे, खुंटी न पिळणाऱ्याचा.

ब्रिजभूषण काबरा यांनीं याच गिटारीला चिकारी जोडून तिच्यावर राग वाजविला. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत ती संतूर व बांसरीच्या पंक्तीस बसली. विश्वमोहन भट्टांनीं तरफेच्या तारा घालून तिची मोहनवीणा केली. दोघांनींहि वाद्य टाकलें नाहीं. त्याला आपल्या सुरांत आणलें.

तेव्हां आईबापांनीं मुलाच्या हातची गिटार हिसकावूं नये. शिक्षकास मात्र अवश्य विचारावें कीं, 'तारा कोणत्या स्वरांत लावतां, आणि राग पालटला म्हणजे त्या पालटतां काय?' झडती घ्यावयाचीच तर ती वाद्याच्या जन्मगांवाची नव्हे, त्याच्या खुंट्यांची घ्यावी.