प्रार्थना, आरोग्य आणि कायद्याची रेषा

प्रार्थनेने आजार बरा होतो असे सांगणे हा गुन्हा ठरावा काय, हा प्रश्न आसामने २०२४ साली केलेल्या कायद्यामुळे ऐरणीवर आला आहे. आजार बरा होण्याचा खोटा आभास निर्माण करणाऱ्या ‘जादुई उपचारां’वर या कायद्याने बंदी घातली असून पहिल्या गुन्ह्यास एक ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. राज्यातील ख्रिस्ती धर्मप्रसाराला आळा घालण्याचा हेतू मुख्यमंत्री हिमंत बिस्वा सरमा यांनी त्या वेळी उघडपणे मांडला होता. रुग्णासाठी प्रार्थना करणे ही जादू नव्हे, असा आक्षेप ख्रिस्ती संघटनांनी घेतला.

या वादाची झळ पेंटेकॉस्टल मंडळ्यांना सर्वाधिक बसते. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांना लाभलेली पवित्र आत्म्याची कृपादाने आजही मिळतात, हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे. उच्च स्वरातील सामूहिक प्रार्थना, अन्य भाषांतून बोलणे, रुग्णाच्या मस्तकावर हात ठेवणे ही त्यांच्या उपासनेची ओळख. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर या चळवळीला उधाण आले. त्याच्या आदल्या वर्षी पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ति मिशनमध्येही अशाच प्रार्थनेचा जागर झाला होता. ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या संघटनेने १९१६ साली जाहीर केलेल्या श्रद्धासूत्रांत दैवी आरोग्यदानाचा समावेश आहे. त्यामुळे आरोग्यप्रार्थनेवर सरसकट बोट ठेवणारा कायदा थेट धर्मसिद्धान्तालाच हात घालतो.

तथापि, नाण्याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. व्यासपीठावरून रोगमुक्तीची हमी दिली गेली आणि क्षयाच्या वा मधुमेहाच्या रुग्णाने औषध सोडले, तर त्याचे मोल त्याला प्राणाने चुकवावे लागू शकते. वर ‘तुझा विश्वास कमी पडला’ हा दोष त्याच्याच माथी मारला जातो. अशी हमी खुद्द ‘बायबल’लाही धरून नाही. आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली, तरी तो निघाला नाही. आणि तीमथ्याला पोटाच्या विकारासाठी त्याने थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. प्रार्थना ही याचना आहे, करार नव्हे.

महाराष्ट्राचा अनुभव येथे उपयुक्त ठरावा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने अघोरी कृत्यांची यादीच दिली. सर्पदंश झालेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यातील एक गुन्हा. त्याच वेळी शारीरिक इजा न करणारी घर, मंदिर, दर्गा, चर्च येथील प्रार्थना व उपासना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्यही सार्वजनिक सुव्यवस्था व नीतिमत्तेबरोबर आरोग्याच्या अधीन आहेच.

कायद्याने तपासायचे ते इजा, फसवणूक आणि उपचारांतील अडथळा. श्रद्धेचा खरेखोटेपणा नव्हे. ही कसोटी पाद्री, बाबा आणि मांत्रिक या सर्वांना सारखीच लावली तर ती आरोग्यरक्षण ठरेल. एकाच धर्माकडे बोट दाखवून लावली, तर रुग्णाचे हित बाजूला पडून केवळ राजकारण उरेल. धर्मगुरूंवरही तितकीच जबाबदारी येते. ‘प्रार्थना करू, पण गोळी चुकवू नका’, एवढे वाक्य व्यासपीठावरून उच्चारले गेले, तरी अनेक जीव वाचू शकतील.